निधी गावात आला, वस्तीत का येत नाही?

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. अकराव्या अनुसूचीत पाणी, रस्ते, शिक्षण, आरोग्य, दुर्बल घटकांचे कल्याण असे २९ विषय आले. पैसा आणि निर्णय गावात गेले की लोकांचे राहणीमान सुधारेल, हा त्यामागचा विचार. आमचा प्रश्न एवढाच आहे : गावातल्या कोणत्या लोकांचे?

बाबासाहेबांनी १९२५ साली प्रकाशित झालेल्या प्रांतिक वित्तावरील ग्रंथात केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशांच्या वाटणीचा इतिहास तपासला. १८७१ पासून प्रांतांवर खर्चाची जबाबदारी आली, पण महसुलाची सूत्रे वरच राहिली. आज ग्रामपंचायतीची अवस्था वेगळी नाही. घरपट्टी आणि पाणीपट्टीतून बहुतेक लहान गावांत फारसे काही उरत नाही. स्वउत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांवर खर्च करण्याचे बंधन महाराष्ट्रात आहे. पण मूळ उत्पन्नच तुटपुंजे असेल, तर त्या १५ टक्क्यांत एक गटारही होत नाही.

म्हणून सगळी भिस्त वरून येणाऱ्या निधीवर. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील. निवडून आलेली संस्था असेल तरच अनुदान, ही अट. आपल्याकडे २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. निवडणुका लांबल्याची किंमत अशी गरिबाच्या नळाला मोजावी लागते.

पण पैसा आला तरी प्रश्न संपत नाही. पाण्याची टाकी कुठे बांधायची, आधी कोणता रस्ता करायचा, हे ठरवते कोण? ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर कठोर टीका केली, ती याच कारणाने. जातीची उतरंड जशीच्या तशी ठेवून अधिकार खाली दिले, तर ते गावातल्या बलवानाच्या हाती जातात. राखीव जागेवर आपला सरपंच बसतो आणि निर्णय दुसऱ्याच्या ओसरीवर होतो.

विकेंद्रीकरणाला आमचा विरोध नाही. ते वस्तीपर्यंत पोहोचावे, हा आग्रह आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ साली अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीसाठी कायदा केला. तशी कायदेशीर हमी महाराष्ट्रातही हवी.

तोपर्यंत तरुणांनी ग्रामसभा सोडू नये. गावाचा विकास आराखडा मागून घ्या. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा खर्च पाहा. १५ टक्के कुठे खर्च झाले, वस्ती सुधारणेचे कोणते काम मंजूर आहे आणि ते कुठे अडले आहे, हे लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. जयंतीला जेवढे एकत्र येतो, तेवढेच ग्रामसभेला आलो, तर आराखड्यातून वस्ती वगळणे कोणालाही सोपे राहणार नाही.

जय भीम!