घारापुरीला जाऊ, पण सगळे मिळून



तीस वर्षे हातात झाडू घेऊन मुंबईचे रस्ते ज्या बाईने स्वच्छ ठेवले, तिने गेटवेसमोरच्या लाँचमध्ये एकदाही पाय ठेवलेला नसतो. अशा मावश्या आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. "घारापुरी पाहिली का?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "आम्हाला कुठली सवड, बाबा!" त्यांचा मुलगा मात्र मित्रांबरोबर दोनदा जाऊन आलेला असतो. सून एकदाही गेलेली नसते. बायकांनी घराबाहेर पडायचे ते लग्नाला, मयतीला, नाही तर ६ डिसेंबरला आणि १४ एप्रिलला. त्या दोन दिवसांचे मोल वेगळेच आहे. पण त्या दिवशीही लेकरू सांभाळत रांगेत उभे राहायचे असते. पाय पसरून, कोणतीही घाई नसताना, आपल्या माणसांबरोबर समुद्र पाहत बसणे तिच्या वाट्याला येतच नाही.

म्हणून या आठवड्यात सहलीविषयी लिहितो. महाबळेश्वर आणि गोवा राहू द्या. लाँचने तासाभरावर असलेल्या बेटाची गोष्ट आहे.

आधी शहर. मुंबई हीच मुळात सात बेटांची. कुलाबा, माझगाव, परळ, माहीम, वरळी ही नावे आपण रोज लोकलमध्ये आणि बसमध्ये ऐकतो, पण ही एकेकाळी पाण्याने वेगळी झालेली बेटे होती, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून गेटवेपर्यंत चालत गेलात तर हा इतिहास फुकटात पाहायला मिळतो. खुद्द स्टेशनची इमारतच १८८७ साली पूर्ण झालेली. वाटेत दादाभाई नौरोजी मार्गावर आनंद भवन लागते. बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय तेथे आहे. पुढे काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेज आहे. याच कॉलेजातून बाबासाहेब १९१२ साली बी.ए. झाले. तेथे दोन मिनिटे थांबून नातवाला इमारत दाखवावी. आजीचे गुडघे दुखत असतील तर तिला बसने किंवा टॅक्सीने पुढे पाठवावे, बरोबर एका मोठ्या माणसाने जावे.

आता हिशेब, कारण आम्हा कारकुनांना प्रत्येक गोष्ट खतावणीत टाकून पाहण्याची खोड आहे. गुंफेचे तिकीट मोठ्या माणसाला ४० रुपये आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना माफ आहे. खरा खर्च लाँचचा. तो दर वाढत असतो, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्यावा. तरीही वाढदिवसाच्या केकवर आणि स्पीकरवर आपण जे उधळतो, तेवढ्यात पाच माणसांचे घर घारापुरी पाहून येईल असे माझे मत आहे. जेवण घरचेच न्यावे. मात्र घरच्या बाईने पहाटे चारला उठून दहा जणांच्या पुऱ्या तळायच्या आणि लाँचमध्ये डुलक्या घ्यायच्या, तर ती सहल कोणाची? रात्रीच्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी पुष्कळ झाली. पिशवी पुरुषांनी उचलावी, लहान मूलही त्यांनीच घ्यावे.

लाँच गेटवेवरून सुटते. अंतर साधारण दहा किलोमीटर, वेळ सुमारे एक तास. वाटेत नौदलाची जहाजे दिसतात, तेल उतरवण्याचे जवाहर द्वीप दिसते. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाची वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळून पंधरा जणांचा जीव गेला होता. म्हणून लाइफ जॅकेट मिळाले की ते बसायला उशी म्हणून वापरू नये. अंगात घालावे, पट्टा आवळावा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना तर हट्ट नकोच.

बेटावर उतरल्यावर जेट्टीपासून पायऱ्यांपर्यंत लहानशी आगगाडी आहे. मुले तिच्यावर खूश. पुढे सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकाने आहेत, त्यामुळे म्हातारे माणूस दर वीस पायऱ्यांवर टेकत टेकत चढू शकते. अगदीच जमत नसेल तर डोली मिळते, भाव आधी ठरवावा. माकडांपासून डबा सांभाळावा.

काही वाचक विचारतील, ती तर शंकराची लेणी, आपण तेथे कशाला जायचे? प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे की आपण तेथे हात जोडायला जात नाही, पाहायला जातो. ते पुरातत्त्व खात्याचे स्मारक आहे, १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. आणि त्यात पाहण्यासारखे जे आहे, ते माणसाच्या हाताचे काम आहे. ही गुंफा बांधलेली नाही, अख्ख्या डोंगरातून कोरून काढलेली आहे. बांधकामात वीट चुकली तर बदलता येते. येथे छिन्नीचा एक घाव जास्त बसला तर दगड परत येत नाही. साधारण सहाव्या शतकात ज्यांनी हे केले, त्या कारागिरांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. आपल्या वाचकांत गवंडी आहेत, सुतार आहेत, फिटर आहेत. त्यांनी ते खांब हात मागे बांधून निरखून पाहावेत. त्यांना जे दिसेल ते माझ्यासारख्या खर्डेघाशाला दिसायचे नाही.

सगळी शिल्पे पाहण्याचा अट्टहास नको. तीन मुखांच्या प्रचंड मूर्तीसमोर बसा. माणसाच्या तिप्पट उंच आहे. मधला चेहरा शांत, एका बाजूचा रागावलेला, दुसऱ्या बाजूचा बाईसारखा कोमल. गुंफा तीन बाजूंनी उघडी आहे, त्यामुळे ऊन सरकेल तसे चेहरे बदलतात. पाच मिनिटांत फोटो काढून पळणाऱ्याला हे कळत नाही. अर्धा तास बसणाऱ्या आजीला कळते. कैलास हलवणारा रावण मुलांना दाखवा. हातपाय तुटलेल्या मूर्ती पुष्कळ आहेत. पोर्तुगीजांच्या काळात येथे मोठी मोडतोड झाली.

आणि बौद्ध वाचकांना मुद्दाम सांगतो, बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. त्या टेकडीला स्तूप हिल असेच म्हणतात. म्हणजे या बेटावर आपल्याही पूर्वसूरींची वहिवाट होती. तरुणांनी तिकडे पाहून यावे, वृद्धांना ओढत नेऊ नये.

बेटावरच्या माणसांशी दोन शब्द बोला. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे आहेत. पलीकडे तुर्भ्याला अणुसंशोधन केंद्र, दुसरीकडे न्हावा-शेव्याच्या बंदराचे दिवे रात्रभर झगमगत. आणि मधल्या या बेटावर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, मग काळोख. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी! आपल्यापैकी ज्यांनी रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास केला, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. तेव्हा काकडी, ताक, बोरे घ्यायची ती तेथल्याच बाईकडून घ्या, आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका.

पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, म्हणून परतीची शेवटची लाँच केव्हा ते उतरल्याबरोबर विचारून ठेवा. सोमवारी गुंफा बंद असतात.

राहता राहिला हत्ती. पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा म्हटले ते येथील दगडी हत्तीवरून, पण तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, तेव्हा तो पडून फुटला. पुढे तुकडे जोडून भायखळ्याला आणला. राणीच्या बागेशेजारी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे. गिरणगावातल्या पिढ्यान्‌पिढ्यांची मुले त्याच्याजवळून गेली, पण तो कुठून आला हे फार थोड्यांना ठाऊक. बुधवारी तेथे सुट्टी असते. दुसऱ्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा, आणि तो कुठे कुठे जोडला आहे ते त्यांनाच शोधू द्या.