फांद्या छाटणाऱ्यांची जोखीम कोणाची?

पावसाळा जवळ आला की शहरांतील गृहनिर्माण संस्थांना आवारातील वाढलेल्या फांद्यांची चिंता लागते. झाडांच्या संरक्षण व जतनासाठी १९७५ साली झालेल्या महाराष्ट्राच्या कायद्यामुळे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी रीतसर घेतली जाते. मग कोयता व दोर घेऊन येणाऱ्या एखाद्या स्वतंत्र कारागिराशी तोंडी दर ठरतो. त्याचा विमा आहे काय, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

येथे जोखमी दोन आहेत. कारागीर झाडावरून पडला तर त्याच्या कुटुंबावर आघात होतो. फांदी वाटसरूवर कोसळली तर त्रयस्थाचे नुकसान होते. पहिल्यासाठी अपघात विमा हवा, दुसऱ्यासाठी दायित्व विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांपर्यंत संरक्षण मिळते. परंतु ते विमाधारकाच्या मृत्यू वा अपंगत्वापुरतेच असते. वाटसरूला त्यातून काही मिळत नाही.

नोकराला अपघाताची भरपाई देण्याचे बंधन १९२३ च्या कायद्याने मालकावर घातले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने त्याची जागा घेतली. दोहोंचा पाया मालक-नोकर हे नातेच होय. स्वयंरोजगारी कारागीर त्याबाहेर राहतो. तथापि एवढ्याने संस्था निर्धास्त होत नाही. काम तिच्याच हुकमतीखाली व रोजंदारीवर चालले असेल, तर न्यायालय कागदावरील नावापेक्षा प्रत्यक्ष संबंध पाहते. शिवाय मुळातच धोक्याचे काम दुसऱ्यावर सोपवल्याने काम देणाऱ्याची जबाबदारी संपतेच, असे नाही.

सर्वांत कमी दराचा मोह येथे घातक ठरतो. तो दर स्वस्त असतो, कारण जोखमीची किंमत त्यात धरलेलीच नसते. ती सर्वांत दुर्बळ माणसाच्या माथी मारलेली असते. विम्याचा हप्ता भरणारा कारागीर साहजिकच महाग ठरतो आणि काम गमावतो. म्हणून अट सर्वांना सारखी हवी. छाटणीच्या परवानगीतच महापालिकांनी विम्याची अट घालावी. एकट्याला दायित्व विमा परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर प्रभागवार सामूहिक विम्याचा मार्ग आहे. नारळाच्या झाडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाने केरा सुरक्षा योजना आणून हप्त्याचा मोठा भाग स्वतः उचलला. तो अपघात विमा असला, तरी हप्ता वाटून घेण्याचे तत्त्व येथेही लागू पडते.

तोपर्यंत संस्थांनी एवढे तरी करावे : विम्याची प्रत पाहावी आणि हप्त्याचा खर्च दरात मान्य करावा. सभासदांमागे त्याचा वाटा किरकोळ असेल. अपघातानंतरच्या दाव्याचा तसा राहणार नाही.