एका किकची कारकीर्द

अमेरिकन फुटबॉलमधला किकर सामन्यात मोजक्याच वेळा मैदानात उतरतो, म्हणून तो खरा खेळाडू नव्हे, हा आक्षेप मला मान्य नाही. फेब्रुवारी 2002 च्या सुपर बोलमध्ये बरोबरीची कोंडी फुटली ती अ‍ॅडम विनातिएरीच्या शेवटच्या क्षणीच्या 48 यार्डांच्या किकने. वार्षिक निवडीत एकाही संघाने न घेतलेल्या या माणसाने पुढे 24 हंगामांत 2,673 गुण जमवले. उलट 1991 मध्ये स्कॉट नॉरवूडची 47 यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली, संघ 20-19 असा हरला आणि खापर त्याच्या माथी फुटले. काम थोडे, जोखीम सगळी.

आपल्याकडे याच्या जवळचे उदाहरण कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे. 2024 मध्ये पॅरिसला त्याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा पाठीशी मध्य रेल्वेची नोकरी होती. नेमबाजी सांघिक खेळ नाही, हे खरे; पण एकच कृती वर्षानुवर्षे घोटणे दोन्हीकडे सारखेच. आमच्या नशिराबादशेजारचे भुसावळ याच रेल्वेचे विभागीय मुख्यालय आहे. अष्टपैलूच हवा हा हट्ट सोडून, एकाच कौशल्यात तरबेज असलेल्या इथल्या मुलांसाठी अशा नोकऱ्यांची दारे उघडायला हवीत.