जखमेवरचं 'व्हॅक्यूम ड्रेसिंग' स्वस्तात होऊ शकतं, मग अडतं कुठे?

ऑपरेशनचे टाके उसवले, आत पू झाला, की रोजच्या ड्रेसिंगचा फेरा सुरू होतो. यावल तालुक्यातल्या फैजपूरहून त्यासाठी जळगावला ये-जा करायची, तर रुग्णाची आणि सोबत येणाऱ्याची, दोघांचीही मजुरी बुडते. अशा जखमांसाठी डॉक्टर कधी कधी 'व्हॅक्यूम ड्रेसिंग' सुचवतात.

हे काय असतं?

साफ केलेल्या जखमेत फोम किंवा गॉज भरतात, वरून पारदर्शक चिकट फिल्म लावून ती हवाबंद करतात आणि नळीने आतली हवा खेचतात. दाब साधारण उणे १२५ मिलिमीटर पारा इतका ठेवतात. जखमेतला स्राव बाहेर पडतो, सूज उतरते, कडा जवळ येतात. हे ड्रेसिंग रोज नाही, दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं.

स्वस्तात कसं होतं?

कंपनीचं मशीन आणि त्याचे किट महाग पडतात. म्हणून भारतात अनेक डॉक्टर निर्जंतुक केलेला साधा फोम, रायल्स ट्यूब आणि रुग्णालयातलीच सक्शन लाइन वापरतात. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या एमआयटीच्या डॅनिएल झुरोव्चिक यांनी विजेशिवाय चालणारा हातपंपही वापरून पाहिला होता.

मग अडतं कुठे?

वीज आणि देखरेख, या दोन गोष्टींवर. सक्शन बंद पडलं की तीच हवाबंद फिल्म जंतूंच्या पथ्यावर पडते. दोन तासांपेक्षा जास्त वेळ मशीन बंद राहिलं तर ड्रेसिंग काढा, असं उत्पादकच सांगतात. विजेचा भरवसा नसलेल्या गावात ही अट साधी नाही.

दुसरा धोका रक्तस्रावाचा. अमेरिकेच्या एफडीएने २००९ आणि २०११ च्या इशाऱ्यांत मिळून १२ मृत्यूंची नोंद केली. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, जखमेत रक्तवाहिनी उघडी असेल, मृत मांस किंवा कॅन्सर असेल, तर आधी डॉक्टरांना सांगायला आणि विचारायला हवं.

शिवाय हा रामबाण उपाय नाही. पायाच्या उघड्या फ्रॅक्चरच्या ४६० रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर साध्या ड्रेसिंगपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही.

म्हणून किंमत विचारताना आणखी दोन प्रश्न विचारा: लाइट गेली तर काय करायचं? आणि रात्री नळीत लाल रक्त दिसलं तर कोणाला बोलवायचं? याची उत्तरं तालुक्याच्या रुग्णालयातच मिळाली, तर स्वस्त पंपाचा खरा उपयोग.