ती पाटी कुणासाठी?

‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.’ सोनोग्राफी केंद्रात नंबर येईपर्यंत बसल्या बसल्या ही पाटी आपण सगळ्यांनीच पाहिलीय. पाहिली खरी, पण वाचली का?

शाळेत बाई उतारा देऊन विचारायच्या, काय सांगितलंय, कुणाला आणि कशासाठी? याही दोन ओळींना तेच तीन प्रश्न विचारून बघू या.

काय सांगितलंय, ते उघडच आहे. कुणाला? वरवर पाहता समोर बसलेल्या गर्भवतीला. पण मैत्रिणींनो, टेबलावर झोपते ती आणि ‘काय आहे ते कळलं तर बरं’ म्हणणारं असतं दुसरंच कुणीतरी! वस्तीतल्या एका सुनेबरोबर मी गेले होते. पहिली मुलगी, आता पुन्हा दिवस गेलेले. पाटी वाचून ती बिचारी मान खाली घालून बसली. सासूबाईंना वाचता येत नव्हतं आणि नवरा बाहेर मोटारसायकलपाशी उभा. म्हणजे जिचा काही दोष नाही तिलाच धाक आणि ज्यांना समज द्यायची ते नामानिराळे!

आता कशासाठी? हा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. निदान करणाऱ्या डॉक्टरला शिक्षा आहेच. पण ते करायला लावणाऱ्या नवऱ्याला, नातेवाइकांनाही पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उलट बाईवर घरच्यांनीच जबरदस्ती केली, असं कोर्ट आधी गृहीत धरतं. तसं नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं. म्हणजे ही पाटी तिला घाबरवायला नाही, तिच्या पाठीशी उभी राहायला आहे. हे मात्र तिला कुणी सांगतच नाही.

कायदा असूनही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. पाटी भिंतीवर होती, घरात पोचली नव्हती.

म्हणून एवढंच करा. कुणाबरोबर तपासणीला गेलात, तर नवऱ्याला आत बोलवा आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात ती पाटी वाचून दाखवा. विचारणाऱ्यालाही शिक्षा होते, हेही वर सांगा. आणि त्या पोरीला म्हणा, ‘मान वर कर, हे तुझ्यासाठीच लिहिलंय.’