रडारला फांदी कळत नाही

गेल्या हिवाळ्यात, रात्री साडेआठच्या सुमारास, काटोलहून कळमेश्वरला परत येत होतो. आंबिया बहाराचा माल निघालेला, त्यामुळे रस्त्यावर संत्र्याच्या गाड्यांची रीघ. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल सत्तरवर लावला होता. पुढच्या गाडीचा वेग पन्नास, म्हणून माझ्याही गाडीचा पन्नास. एकाएकी पुढची गाडी उजवीकडे सरकली आणि माझ्या गाडीनं, रस्ता मोकळा झाला असं समजून, वेग घेतला. रस्ता मोकळा नव्हता. अ‍ॅक्सल तुटलेली ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अलीकडे वीस-पंचवीस पावलांवर कोणीतरी चार दगड मांडून त्यात निंबाची फांदी खोचली होती. ती फांदी मला दिसली. ब्रेक मी मारला.

दगड आणि फांदी ही आपल्या रस्त्यांची जुनी खूण. ट्रकवाल्याला, बंडीवाल्याला, शाळकरी पोरालाही ती कळते. गाडीतल्या रडारला कळत नाही, आणि माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

पूर्वपक्ष असा की ही यंत्रणा सुरक्षेसाठी आहे. गाडी दाखवताना शोरूममधला पोरगा मला म्हणाला होता, “काका, पाय उचलून घ्या, बाकी गाडी पाहून घेते.” त्याला दोष देत नाही, त्याला तसंच शिकवलं असणार. पण हे वाक्य खोटं आहे. पुढे चालणाऱ्या वाहनामागे ठरावीक अंतर राखत जाणं, एवढंच या यंत्रणेचं काम. ती सोय आहे. समोर अडथळा येताच आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक ही वेगळी यंत्रणा आहे, आणि तिलाही मर्यादा आहेत. विकताना मात्र ‘एडास’ या एका नावाखाली दोन्हींची मोट बांधली जाते.

रडार लहरी सोडतं आणि परतलेल्या लहरींवरून समोरच्या वस्तूचं अंतर व वेग काढतं. चालत्या वाहनासाठी हे उत्तम चालतं. पण रस्त्याकडेचे फलक, कठडे, पूल, सगळ्यांवरूनच लहरी परततात. प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर गाडी चालणारच नाही. म्हणून अनेक यंत्रणांमध्ये स्थिर वस्तूंकडे दुर्लक्ष करण्याची तजवीज असते. नव्या गाड्यांत कॅमेरा जोडीला असतो, त्यानं फरक पडतो. तरीही उभी वाहनं, जनावरं, पादचारी ओळखले जातीलच असं नाही, हा इशारा गाड्यांच्या पुस्तिकांत सर्रास सापडतो. ती पुस्तिका आपल्याकडे किती जण उघडतात?

हे फक्त आपल्याच रस्त्यांचं दुखणं नाही. 22 जानेवारी 2018 रोजी कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीजवळ ऑटोपायलटवर चाललेली टेस्ला अग्निशमन दलाच्या उभ्या गाडीवर आदळली. पुढचं वाहन बाजूला झालं, टेस्लानं वेग वाढवला, समोर लालभडक बंब उभा. माझ्या काटोल रोडवरच्या प्रसंगाचीच ही गत. फरक इतका की तिथे ब्रेक कोणी मारला नाही. चालक बचावला.

आता दुसरा युक्तिवाद: माणूसही चुकतोच, मग यंत्राला का झोडपता? बरोबर, माणूस चुकतो. 15 ऑक्टोबर 2023 च्या रात्री वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर टेम्पो ट्रॅव्हलर मागून ट्रकवर आदळली आणि 12 जण गेले. ट्रक अडवून थांबवल्याचा आरोप तेव्हा झाला होता. तिथे क्रूझचा संबंध नव्हता. पण आपल्या रस्त्यावर मरण कोणत्या रूपात उभं असतं, ते त्या रात्रीनं दाखवलं: अंधारात थांबलेल्या वाहनाच्या. नेमक्या त्याच रूपापुढे ही यंत्रणा सर्वांत कच्ची आहे. माणसाची चूक झाकायला आणलेलं यंत्र माणूस जिथे चुकतो तिथेच चुकत असेल, तर त्याच्या भरवशावर पाय उचलायचा कसा?

समृद्धी 701 किलोमीटरचा. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असून मन झोपतं, आणि क्रूझ लावलं की पायाला उरलेलं कामही जातं. ताशी 120 म्हणजे सेकंदाला 33 मीटर. सुस्तावलेला पाय ब्रेकपर्यंत यायला दोन सेकंद लागले तर 66 मीटर रस्ता ब्रेक न लागताच संपतो.

म्हणून हे बटण उपटून फेका, असं म्हणणारेही आमच्या गावात आहेत. त्यांचंही मला पटत नाही. दिवसाउजेडी, समृद्धीसारख्या रस्त्यावर, सर्वांत मोठं अंतर निवडून आणि पाय ब्रेकजवळ ठेवून वापरलं, तर ही सोय खरोखर थकवा कमी करते. पुढच्या ट्रकच्या बुडाला चिकटून गाडी हाकण्याची आपली खोडही मोडते. आपत्कालीन ब्रेक तर प्रत्येक गाडीत असावा, अशा मताचा मी आहे. मात्र कळमेश्वरच्या रस्त्यावर, जिथे एमआयडीसीचे ट्रक वळतात, कापसाच्या बंड्या चालतात आणि आषाढात माणसं पायी धापेवाड्याला निघतात, तिथे क्रूझला जागा नाही. मोठं अंतर ठेवलं की दुचाकी त्यात घुसते, गाडी गचकन ब्रेक मारते आणि मागचा ट्रक आपल्यावर येतो. अंतर कमी ठेवलं तर ती भीती वेगळीच.

माझं मागणं दोघांकडे आहे. गाडी देताना कंपनीनं ग्राहकाच्या हातात मराठीतलं एकच पान द्यावं: हे यंत्र काय पाहू शकत नाही. तोंडी सांगून भागणार नाही, सही घेऊन द्यावं. आणि परिवहन विभागानं हंगामाआधी बाजार समितीच्या दारात उभं राहून प्रत्येक ट्रॉलीच्या पाठीला लाल पट्टी लावावी. पट्टीचा खर्च ट्रॉलीभर संत्र्यांपुढे काहीच नाही.

त्या रात्री ट्रॉलीवाला दादा मोबाइलचा टॉर्च हलवत रस्त्यावर उभा होता. मी गाडी बाजूला घेऊन उतरलो, डिकीतला लाल त्रिकोण काढला आणि फांदीच्या बराच अलीकडे नेऊन ठेवला. मेकॅनिक येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच थांबलो. येणारी प्रत्येक गाडी वेग कमी करते का, ते पाहत.