शेपटीतील शिल्लक

अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारताच्या खडकाळ, रुक्ष प्रदेशांतून जगभरच्या घरांत पोहोचलेल्या लेपर्ड गेको या पालीचे, अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले जेमतेम 3 ग्रॅमचे पिल्लू पाळणाऱ्याने त्याच्या प्रकृतीपेक्षा स्वतःच्या कौतुकाला अधिक मान द्यावा, हे मला सर्वस्वी अनुचित वाटते. वाढत्या वयात त्याला रोज आहार हवा, हे निर्विवाद. परंतु तो त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठे नसलेल्या, स्वतः नीट पोसलेल्या व कॅल्शियमची भुकटी लावलेल्या जिवंत रातकिड्यांचा असावा. मेणपतंगाच्या चरबीयुक्त अळ्या वरचेवर चारल्याने मेद तेवढा वाढतो. आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची हयगय झाली, तर मऊ पडून वाकलेली हाडे पूर्ववत होणे दुरापास्त.

ही पाल मेदाची शिल्लक शेपटीत साठवते, म्हणून दर आठवड्याला काट्यावरील आकडा रोजनिशीत नोंदवताना शेपटीचा घेरही न्याहाळावा: ती डोक्याहून रुंद होऊ लागली, तर अळ्यांचा खुराक बंद करावा, कृश होत गेली, तर प्रथम उबेची तजवीज तपासावी, कारण पोटाखाली सुमारे 32 अंश सेल्सियस उष्णता नसेल तर गिळलेले अन्न नीट पचतच नाही. तरीही वजन घटत राहिले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण असलेला पशुवैद्य विनाविलंब गाठावा.